समुद्रकाठच्या घरांचा नाताळ आणि आपल्या कारागिरांची रोजी

नाताळ २५ डिसेंबरला साजरा होतो. त्याचा व्यापार मात्र त्याच वर्षी फेब्रुवारी ते एप्रिल या काळात ठरून जातो. सजावटीच्या या मालात चीनचा वाटा सर्वांत मोठा आहे. तरीही हाताने घडवलेल्या मालासाठी परदेशी खरेदीदार भारतात येतो. मुरादाबादचे पितळकाम, फिरोजाबादची काच, सहारनपूरचे लाकूडकाम, संभलचे शिंगकाम आणि श्रीनगरची कागदी लगद्याची नक्षी या सर्व धंद्यांत मुस्लिम कारागिरांची संख्या मोठी आहे. हुनर त्यांचे आहे, पण नफ्याचा मोठा हिस्सा दुसऱ्याकडे जातो. असे का होते आणि कोकणातील आपल्या तरुणांना या व्यापारात जागा आहे का, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

नाताळच्या सजावटीचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी आम्ही एकच निवडला आहे, तो म्हणजे समुद्रकाठच्या लहान घरांची सजावट. सुंभ, काथ्या, करवंटी आणि जाळे यांच्यात वाढलेल्या माणसाला हा माल नवखा वाटणार नाही.

घर कसे असते?

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात केप कॉड नावाचा किनारी भाग आहे. तेथील जुनी घरे बुटकी आणि उतरत्या छपराची असतात. बाहेरून ती लाकडाच्या पातळ चिपांनी मढवलेली असून खाऱ्या वाऱ्याने ते लाकूड करडे पडते. आत पांढऱ्या भिंती, लहान खोल्या आणि भिंतीतली शेकोटी असते. ही धाटणी इतकी आवडती झाली की समुद्रापासून दूर राहणारे लोकही आपले घर तसे सजवतात.

अशा घरात नाताळचा ठरलेला लाल-हिरवा रंग कमी दिसतो. पांढरा, वाळूचा, फिकट निळा आणि समुद्री हिरवा हे रंग चालतात. दारावर हिरव्या फांद्यांचे गोल कडे असते आणि त्यात सुंभाचा पीळ व शिंपले गुंफलेले असतात. शेकोटीवर तागाचे किंवा जाड सुती कापडाचे मोजे टांगतात. झाडावर मासे, गलबते, नांगर, दीपगृहे आणि काचेचे गोळे लटकतात. जुन्या काळी जाळी तरंगत ठेवण्यासाठी काचेचे पोकळ गोळे वापरीत, त्यांची ती नक्कल असते. खिडकीत कंदील ठेवतात. ग्लॉस्टर, रॉकलंड आणि प्रॉव्हिन्सटाऊन या बंदरांत तर लॉबस्टर धरण्याचे पिंजरे एकावर एक रचून गावाचे नाताळचे झाड उभारतात.

यातील बहुतेक वस्तूंवर कोणतेही धार्मिक चिन्ह नसते, हे लक्षात घेण्यासारखे आहे. तरीही कोणाला शंका असेल, तर मसल्याचा निवाडा आपल्या आलिमांकडून करून घ्यावा. आमचे काम व्यापाराचा हिशोब मांडण्याचे आहे.

काश्मीरचा धडा

श्रीनगरचे कारागीर नाताळच्या झाडावरचे गोळे कित्येक वर्षे बनवीत आले आहेत. रद्दी कागद भिजवून, कुटून, खळ मिसळून साच्यावर थापतात. हे काम करणारा तो सख्तसाज. वाळलेला आकार कापून साच्यावरून काढतात, पुन्हा जोडतात आणि घासून गुळगुळीत करतात. मग नक्काश त्यावर चिनारची पाने, फुले व पक्षी रंगवतो. त्याच हातांनी पूर्वी कलमदाने रंगवली. खरेदीदार बदलला तसा वस्तूचा आकार बदलला, हुनर तेच राहिले. मात्र नक्काशाला आपला गोळा कोणाच्या घरात, कोणत्या रंगाच्या भिंतीपुढे टांगला जाणार आहे हे बहुधा माहीत नसते. ते दलालाला माहीत असते आणि नमुना व भाव तोच ठरवतो.

दिनदर्शिका उलटी वाचा

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगचा सण असतो. त्यानंतर घरे सजू लागतात. त्यामुळे दुकानात माल सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत पोहोचावा लागतो. समुद्रमार्गे जाण्यास महिना-सव्वा महिना धरला, तर जुलै-ऑगस्टमध्ये माल बंदरातून निघायला हवा. म्हणजे उन्हाळ्यात उत्पादन, वसंतात ऑर्डर आणि त्याआधीच्या हिवाळ्यात नमुने. हस्तकला निर्यात परिषदेचे मेळावे ग्रेटर नोएडा येथे वर्षातून दोनदा, वसंतात व शरदात भरतात. परदेशी खरेदीदार तेथे भेटतो.

आपल्या कारागिराने आणखी एक हिशोब ठेवावा. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते. २०२६ चा रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, म्हणजे नेमका नमुन्यांच्या व ऑर्डरींच्या दिवसांत. त्यानंतरची काही वर्षे तो हिवाळ्याकडे सरकत जाईल. रोजांच्या दिवसांत कामाचे तास कमी होतात, म्हणून नमुने त्याआधीच तयार ठेवावेत.

कोकणात अडचण पावसाची आहे. माल बांधण्याची वेळ आणि पावसाळा एकच. काथ्या व कागद ओल धरतात आणि पेटीत बुरशी येते. वाळवण मेअखेर संपवून माल कोरड्या, बंद जागेत ठेवावा आणि पेटीत ओल शोषणाऱ्या पुड्या टाकाव्यात. लाकडी पेट्यांना उष्णतेची प्रक्रिया केल्याचा शिक्का लागतो. रंग शिसेविरहित असल्याचा दाखलाही खरेदीदार मागतात.

शिंपल्यांबाबत सावधान

किनाऱ्यावर पडलेले सारेच विकता येते असा समज घातक आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. २००१ साली प्रवाळ, समुद्रघोडे आणि काही जातींचे शंख-शिंपले त्याच्या संरक्षणाखाली आणले गेले. गोव्यातील जुन्या खिडक्यांना काचेऐवजी लावीत तो पातळ शिंपलाही त्यात आहे. अमेरिकेतही शिंपल्यांचा माल आल्यास तो वन्यजीव खात्याला जाहीर करावा लागतो. नवशिक्याने खऱ्या शिंपल्याच्या वाटेला न जाता त्याचा आकार लाकडात, करवंटीत, कापडात किंवा कागदी लगद्यात घडवावा. कायद्याचा त्रास टळतो आणि मजुरीचे मोलही वाढते.

भाव कसा काढावा?

समजा सुंभाच्या १०० कड्यांना सामान, मजुरी व पेटी धरून प्रत्येकी १२० रुपये खर्च आला. एकूण १२,००० रुपये झाले. खरेदीदाराने १० कडी नापास केली, तर तोच खर्च ९० कड्यांवर पडतो, म्हणजे प्रत्येकी १३३ रुपयांहून अधिक. ज्याने १३० रुपये भाव कबूल केला, त्याने नफा सोडाच, पदरचे पैसे घातले. नापास माल, वाहतूक आणि पैसे उशिरा मिळण्याचा काळ, हे सारे भावात आधी धरावे.

पैसे उशिरा मिळतात हीच खरी मेख आहे. उन्हाळ्यात सामान घ्यायचे आणि रक्कम हाती येईपर्यंत थांबायचे, हे गरीब कारागिराला परवडत नाही. तो दलालाकडून पेशगी घेतो आणि पेशगीबरोबर भाव ठरवण्याचा हक्कही देऊन टाकतो.

एकाच देशावर विसंबणेही बरे नव्हे. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि अनेक जहाजांना आफ्रिकेला वळसा घालून जावे लागले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारताच्या बऱ्याच मालावर एकूण ५० टक्के जादा शुल्क लावले. अशा वेळी ज्याचा एकच खरेदीदार असतो त्याची भट्टी आधी विझते.

सुरुवात घराजवळून

निर्यात दूरची वाटत असेल, तर जवळचा बाजार पाहावा. वसईपासून गोव्यापर्यंत ख्रिस्ती वस्त्यांत डिसेंबरात घराघरांवर तारे लागतात. अलिबाग ते मालवण किनाऱ्यावरची पर्यटकांची निवासस्थाने वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात भरतात आणि त्यांनाही सजावट लागते. पावसाळा संपताच मालकाला भेटून त्याच्या खोल्यांचा रंग पाहावा, दोन नमुने करून दाखवावेत आणि ऑर्डर लेखी घ्यावी. येथे रक्कम लवकर हाती येते आणि चूक झाली तरी एका पेटीवर निभावते.

आमची सूचना दोन प्रकारच्या लोकांना आहे. तरुणांनी खरेदीदाराचे घर, त्याचे रंग आणि त्याची दिनदर्शिका शिकून घ्यावी. यासाठी भांडवल लागत नाही. आणि समाजात ज्या बिनव्याजी कर्ज देणाऱ्या संस्था आहेत, त्यांनी लग्न व आजारपणाबरोबरच मार्च-एप्रिलमध्ये सामानासाठी कर्ज देण्याचा विचार करावा. कारागीर पेशगीतून सुटला, तरच तो आपल्या मालाचा भाव स्वतः सांगू शकेल.