इंग्रजी मोडल क्रियापदांचा सराव : मराठी विध्यर्थाच्या संदर्भात

प्रास्ताविक

पदवी स्तरावरील अनिवार्य इंग्रजीच्या अध्यापनात ‘कॅन’, ‘कुड’, ‘मे’, ‘माइट’, ‘शॅल’, ‘शुड’, ‘विल’, ‘वुड’ आणि ‘मस्ट’ या साहाय्यक क्रियापदांचा घटक सोपा मानला जातो. या क्रियापदांना तृतीयपुरुषी एकवचनात ‘एस’ लागत नाही, त्यांच्यानंतर मूळ धातू येतो आणि नकार करताना ‘डू’ची मदत लागत नाही. एवढे नियम एका तासिकेत सांगून होतात. पुढे रिकाम्या जागा भरण्याचे स्वाध्याय दिले जातात आणि विद्यार्थी ते बऱ्यापैकी सोडवितातही. तोच विद्यार्थी रजेचा अर्ज लिहावयास बसला की ‘सर, यू शुड ग्रँट मी लीव्ह’ असे लिहितो. व्याकरणदृष्ट्या या वाक्यात एकही चूक नाही. मात्र इंग्रजी वाचकास ते प्राचार्यांना त्यांचे कर्तव्य सुनावणारे वाटते. हा दोष रूपाचा नसून अर्थाचा आहे, आणि त्याचे मूळ विद्यार्थ्याच्या मातृभाषेत आहे.

विध्यर्थ आणि ‘शुड’

‘रजा मंजूर करावी’ या मराठी वाक्यात नम्रता आहे. मराठी विध्यर्थ हा अतिशय व्यापक आहे. ‘मुलांनी वडीलधाऱ्यांचा मान राखावा’ यात कर्तव्य आहे, ‘यंदा पाऊस चांगला पडावा’ यात इच्छा आहे, ‘तो गावी गेला असावा’ यात तर्क आहे, तर ‘पाहुण्यांनी आसन ग्रहण करावे’ यात आदरयुक्त विनंती आहे. शालेय पुस्तकांतून व द्विभाषिक मार्गदर्शकांतून ‘-वे’ म्हणजे ‘शुड’ असे समीकरण मनावर ठसते. कर्तव्याच्या वाक्यात ते चालून जाते. विनंतीच्या वाक्यात मात्र ‘वुड यू काइंडली’ किंवा ‘आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड’ अशी रचना लागते, तर तर्काच्या वाक्यात ‘मस्ट हॅव’ वा ‘मे हॅव’.

एफ. आर. पामर यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात इंग्रजी मोडल क्रियापदांचे अर्थ तीन प्रकारांत विभागले : बोलणाऱ्याचे अनुमान, त्याने घातलेले बंधन वा दिलेली परवानगी, आणि कर्त्याची स्वतःची क्षमता. हे वर्गीकरण सरावासाठी फार उपयुक्त आहे. कारण त्यामुळे ‘येथे कोणते क्रियापद?’ या प्रश्नाआधी ‘येथे बोलणारा काय करीत आहे?’ हा प्रश्न येतो.

‘कॅन’ आणि मराठीची श्रीमंती

क्षमतेच्या बाबतीत मराठी इंग्रजीहून अधिक काटेकोर आहे. ‘तिला पोहता येते’ हे शिकलेले कौशल्य होय. ‘आजोबांना आता जिना चढवत नाही’ या शक्य क्रियापदात शरीराचे बळ सूचित होते. ‘या रस्त्याने ट्रक जाऊ शकतो’ यात परिस्थितीने दिलेली शक्यता आहे. इंग्रजीत तिन्ही ठिकाणी ‘कॅन’ चालते, म्हणून वर्तमानकाळात विद्यार्थी सहसा चुकत नाही. अडचण भूतकाळात येते. ‘काल धावत जाऊन शेवटची गाडी पकडता आली’ याचे भाषांतर तो ‘आय कुड कॅच द लास्ट ट्रेन’ असे करतो. एका विशिष्ट प्रसंगी साधलेल्या यशासाठी होकारार्थी ‘कुड’ सहसा वापरत नाहीत. तेथे ‘वॉज एबल टु’ किंवा ‘मॅनेज्ड टु’ हवे. नकारार्थी ‘कुड नॉट’ मात्र दोन्हीकडे चालते. विद्यार्थ्यास हा फरक नियम म्हणून जड जातो; परंतु ‘लहानपणी मला झाडावर चढता येत असे’ आणि ‘काल मला त्या झाडावर चढता आले’ ही वाक्ये शेजारी ठेवली की तो पटकन उमगतो, कारण ‘येत असे’ आणि ‘आले’ यांतील भेद त्याच्या बोलण्यात आधीच असतो.

नकाराचा प्रश्न

या घटकातील खरी धोक्याची जागा नकाराची आहे. ‘या तपासणीसाठी उपाशी राहायला नको’ असे मराठीत म्हटले असता त्याचा अर्थ ‘उपाशी राहण्याची गरज नाही’ असा होऊ शकतो आणि ‘उपाशी राहू नये’ असाही होऊ शकतो. नेमका अर्थ बोलण्याच्या सुरावरून व प्रसंगावरून ठरतो. इंग्रजीत ‘नीड नॉट’ वा ‘डोन्ट हॅव टु’ ही मोकळीक आहे, तर ‘मस्ट नॉट’ ही बंदी. परिचर्या किंवा औषधनिर्माणशास्त्राकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याने रुग्णासाठीच्या सूचनेत या दोहोंची अदलाबदल केली, तर परिणाम गुण कमी होण्यापुरता राहत नाही.

तर्काच्या वाक्यात नकार आणखी वेगळा चालतो. ‘तो घरी असला पाहिजे’ यासाठी ‘मस्ट बी’ योग्य. परंतु ‘तो घरी असणे शक्य नाही’ यासाठी सामान्यतः ‘कान्ट बी’ येते. भूतकाळातही असाच घोटाळा होतो. ‘वडिलांना रुग्णालयात न्यावे लागले’ या सक्तीसाठी ‘हॅड टु टेक’ हवे. ‘मस्ट’ला ओढून भूतकाळात नेणारा विद्यार्थी ‘आय मस्ट हॅव टेकन माय फादर टु द हॉस्पिटल’ असे लिहितो. वाचणाऱ्यास वाटते की स्वतःच्या वडिलांना नेले की नाही, याचा अर्जदार अंदाज बांधीत आहे!

सरावाचे स्वरूप

‘इट ... रेन टुडे’ या रिकाम्या जागेत ‘मे’, ‘माइट’, ‘कुड’, ‘विल’ ही सारी क्रियापदे बसतात. उत्तरसूचीत मात्र एकच छापलेले असते. अशा स्वाध्यायातून विद्यार्थी अर्थाऐवजी सूची लिहिणाऱ्याचे मन ओळखावयास शिकतो. त्याऐवजी वाक्यास प्रसंग जोडणे आवश्यक आहे : आभाळ भरून आले आहे, की वेधशाळेचा अंदाज नुकताच ऐकला आहे, की बोलणाऱ्यास छत्री न घेण्याचे केवळ समर्थन करावयाचे आहे?

नकारासाठी एक साधा तोंडी सराव परिणामकारक ठरतो. अध्यापकाने ‘नको’, ‘नये’ आणि ‘लागत नाही’ यांची मराठी वाक्ये वाचावीत. विद्यार्थ्यांनी आधी केवळ ‘बंदी’ किंवा ‘मुभा’ एवढेच सांगावे. ‘नको’च्या वाक्यात दोन्ही संभवत असल्यास प्रसंग विचारून घ्यावा. इंग्रजी वाक्य त्यानंतर तयार करावे. मराठीचा हा वापर इंग्रजीच्या वर्गात निषिद्ध मानण्याचे कारण नाही, कारण गोंधळ मराठीतूनच येतो आणि त्याची उकलही तेथेच होते.

कोणत्या क्रियापदावर किती वेळ द्यावा, याचाही विचार व्हावयास हवा. जेफ्री लीच यांनी १९६१ आणि १९९१ मधील ब्रिटिश लिखित इंग्रजीच्या प्रत्येकी सुमारे १० लाख शब्दांच्या संग्रहांची तुलना केली. त्यात ‘शॅल’चा वापर ४० टक्क्यांहून अधिक, तर ‘मस्ट’चा सुमारे २९ टक्के घटल्याचे आढळले. ‘शॅल’ आणि ‘विल’ यांच्या पुरुषपरत्वे होणाऱ्या अदलाबदलीवर आजही खर्च होणारा वेळ ‘हॅव टु’कडे वळविणे अधिक श्रेयस्कर. ‘मला जायला पाहिजे’ आणि ‘मला जावे लागते’ यांतील भेद बऱ्याच अंशी ‘मस्ट’ आणि ‘हॅव टु’ यांच्या भेदाशी जुळतो. पहिल्यात बोलणाऱ्याची स्वतःची निकड असते, दुसऱ्यात बाहेरची सक्ती. ही जुळणी सर्वत्र पूर्ण नसली तरी आरंभासाठी पुरेशी आहे.

मूल्यमापनाच्या वेळी रजेच्या अर्जातील ‘यू शुड’ला आज पूर्ण गुण मिळतात, कारण परीक्षक रूप तपासतो. त्याऐवजी उत्तरपत्रिकेतील असा अर्ज वर्गातील दुसऱ्या विद्यार्थ्याच्या हाती देऊन, तो मिळालेल्या प्राचार्यांच्या भूमिकेतून मराठीत सांगावयास लावावा. ‘तुम्ही मला रजा द्यायलाच हवी’ असे मराठी कानी पडले, की मूळ लेखक स्वतःच वाक्य बदलावयास घेतो.