परदेशी पार्सलवर कर किती?

बंगळुरूला समुद्र नाही, पण कस्टम्स आहे. विमानाने आलेला माल देवनहळ्ळीच्या केंपेगौडा विमानतळावर तपासला जातो, टपालाचा फॉरेन पोस्ट ऑफिसात. बंदरातून आलेले कंटेनर व्हाइटफील्डच्या डेपोत सोडवता येतात.

● आकारणी कशावर? वस्तूची किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर. फक्त बिलावरच्या किमतीवर नव्हे.

● हिशेब : समजा, ही बेरीज १०,००० रुपये, सीमाशुल्क १० टक्के आणि आयजीएसटी १८ टक्के. सीमाशुल्क १,००० रुपये. त्यावर १० टक्के समाज कल्याण अधिभार १०० रुपये (काही वस्तूंना माफ). आता ११,१०० रुपयांवर आयजीएसटी १,९९८ रुपये. एकूण कर ३,०९८ रुपये. कुरिअर कंपनीचा आकार वेगळा.

● ‘गिफ्ट’ लिहिले की सुटका? नाही. डिसेंबर २०१९ पासून टपाल-कुरिअरने आलेल्या भेटींची करमाफी बंद आहे. अपवाद जीवरक्षक औषधे आणि राख्यांचा. राखीसोबतच्या भेटवस्तूला मात्र माफी नाही.

● व्यावसायिकांसाठी : जीएसटी नोंदणी असल्यास आयजीएसटीचे क्रेडिट मिळू शकते, सीमाशुल्काचे नाही.

● फराळ परदेशी धाडताना : कर तिकडच्या नियमांनी लागतो. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतची सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद केली. ब्रिटनमध्ये ३९ पौंडांपर्यंतच्या घरगुती भेटीवर कर नाही. डब्यात काय आहे आणि त्याची किंमत किती, हे खरे व स्पष्ट लिहा. नुसते ‘खाऊ’ लिहिलेले पार्सल अडकते.