कोऱ्या कापडाचे आयुष्य

शिंप्याने शेवटचा टाका घालून इस्त्री केलेला कपडा बाजारात मांडण्यास योग्य असला, तरी चित्रपटासाठी तो अर्धाच तयार असतो. कारण जवळून घेतलेल्या चित्रणात कोऱ्या कापडाची चकाकी, करकरीत घड्या आणि सगळीकडे सारखा दिसणारा रंग लगेच उघडा पडतो, आणि जन्मभर शेतात राबलेला म्हणून दाखवलेला माणूस सोंग घेतल्यासारखा वाटू लागतो. म्हणून शिलाईनंतर कपडा हेतुपुरस्सर जुना करण्याची एक स्वतंत्र प्रक्रिया असते, तिला या व्यवसायात ‘एजिंग’ म्हणतात.

प्रथम कापडातील खळ धुऊन काढली जाते आणि डोळ्यांवर येणारा पांढरा रंग चहाच्या पाण्यात बुडवून मंद केला जातो. त्यानंतर कॉलर, कोपरे, गुडघे, खिशांच्या कडा अशा ठिकाणी पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश चालवून धागा विरळ केला जातो, आणि ओल्या कपड्याच्या खिशांत वजन भरून तो टांगला, की वर्षानुवर्षे वापरल्यासारखे खिसे लोंबू लागतात. चिखलाचे आणि घामाचे डाग बहुधा रंगांनीच उमटवतात, कारण खरा चिखल वाळून गळतो आणि दुसऱ्या दिवशी तसाच दिसत नाही. मात्र यातील खरे कौशल्य हाताइतकेच निरीक्षणाचे आहे: डोक्यावर पाटी वाहणाऱ्याच्या आणि खांद्यावर कावड वाहणाऱ्याच्या सदऱ्याची झीज सारखी नसते, आणि हा फरक ज्याला ठाऊक नाही त्याने केलेला जुनेपणा केवळ मळकटपणा ठरतो.

चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नसल्याने फाटलेला सदरा आधी आणि नवा नंतर लागू शकतो, शिवाय मारामारीच्या वा पावसाच्या प्रसंगासाठी एकाच कपड्याच्या अनेक प्रती लागतात. त्या सर्वांवरचा डाग त्याच जागी, तेवढाच असावा, ही सलगता म्हणजे ‘कंटिन्युइटी’; छायाचित्रे व नोंदी ठेवून ती सांभाळण्यात ड्रेसदादांचा, म्हणजे चित्रीकरणस्थळी पोशाखांची व्यवस्था पाहणाऱ्यांचा, वाटा मोठा असतो.

हाच विचार चित्रपटातील वस्तूंनाही लागू पडतो. जवळून दिसणारी तलवार धातूची आणि बारकाईने घडवलेली असते, तर झुंजीसाठी तिचीच रबराची किंवा फायबरची प्रत वापरतात. तिच्यावर आधी गडद रंग देऊन, खाचांत तो तसाच ठेवून, फक्त कडांवरून जवळजवळ कोरड्या ब्रशने चंदेरी रंग फिरवला, की पडद्यावर पोलादाचा भास होतो.

महाराष्ट्रात या कामाला चित्रकलेचे जुने अधिष्ठान आहे. कोल्हापूरचे चित्रपट-दिग्दर्शक बाबूराव पेंटर स्वतः चित्रकार व शिल्पकार होते. त्यांच्या चित्रपटांसाठी काम केलेले चित्रकार अण्णासाहेब राजोपाध्ये यांच्या कन्या भानू अथय्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या आणि पुढे ‘आम्रपाली’च्या (1966) पोशाखांसाठी त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा आधार घेतला. ‘गांधी’ (1982) या चित्रपटात तर दक्षिण आफ्रिकेतील कोट-टायपासून खादीच्या पंचापर्यंतचा प्रवास, म्हणजे एका माणसाचे वैचारिक परिवर्तनच, वस्त्रांतून दिसणे आवश्यक होते. या कामासाठी 1983 मध्ये अथय्या यांना जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळाले आणि ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या.

ते सन्मानचिन्ह आपल्या पश्चात नीट जतन व्हावे म्हणून 2012 मध्ये त्यांनी ते ऑस्कर देणाऱ्या अकादमीकडेच सोपवले, ही बाब आपल्या जतनव्यवस्थेविषयी पुरेशी बोलकी आहे. चित्रीकरण संपले की पुष्कळ पोशाख गोदामात जातात, उसवून दुसऱ्या चित्रपटासाठी वापरले जातात, आणि ते घडवणाऱ्या हातांची कृतीही त्यांच्याबरोबर विरते. मुंबईत 2019 पासून भारतीय चित्रपटाचे राष्ट्रीय संग्रहालय उभे आहे. तेथे आणि निर्मितीसंस्थांच्या दप्तरी गाजलेल्या नटाच्या पोशाखाबरोबर तो कोणी, कशाने आणि किती झिजवला याचीही नोंद ठेवली जावी.