टन विचारा, पण आधी उंची मोजा

पंचवीस वर्षांपूर्वी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचे काम चालू होते, तेव्हा पोकलेन किंवा बंद पडलेला टिपर हलवायचा झाला की ट्रेलरवाल्याला प्रश्न एकच असे, ‘किती टन ओढेल?’ उंच, सपाट ट्रेलर यायचा. मातीचा चढ करून त्यावर यंत्र चढवायचे, चाकांना ठोकळे लावायचे, साखळ्या आवळायच्या आणि रात्री निघायचे. कागदावर काय लिहिले आहे, हे नंतर बघू.

खरी अडचण उंचीने केली. तीन मीटरचा टिपर दीड मीटर उंच बेडवर ठेवला की साडेचार मीटर होतात. कायद्याची मर्यादा तेव्हा ३.८ मीटर होती. २०२० मध्ये ती ४ झाली. ही उंची कमी करायला कामी येतो तो लोबेड, म्हणजे खालच्या बेडचा ट्रेलर. बेड जमिनीपासून ९० सेंटिमीटरवर असला तर तोच टिपर ३.९ मीटरमध्ये बसतो. पण बेड खाली गेला की पोट घासते. रेल्वे फाटकाच्या उंचवट्यावर अडकलेला लोबेड सोडवणे हे काम कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

 

वजनाचे नियमही २०१८ मध्ये बदलले. एकूण मर्यादा ४९ टनांवरून ५५ वर गेली, तीन एक्सलच्या जोडाला २४ऐवजी २७ टन मिळाले. हॉर्स (ट्रेलर ओढणारे पुढचे वाहन) आणि रिकामा लोबेड मिळून वीसेक टन वजा करा, हातात साधारण पस्तीस उरतात. वीस टनी पोकलेन त्यात आरामात बसते, पण कुठे उभे केले यावर सगळे अवलंबून. भार मागे सरकला तर हॉर्सची मागची चाके हलकी पडतात आणि घाटाच्या चढावर जागच्या जागी फिरतात. पुढे सरकला तर त्याच चाकांवर मर्यादेबाहेर वजन येते. जाणता ड्रायव्हर आधी बूम कुठल्या दिशेला राहणार ते विचारतो, मग रॅम्प पाडतो.

समृद्धी महामार्गाच्या कामापर्यंत लोबेड सर्रास दिसू लागले, तरी खरेदीला गेलेला माणूस आजही आधी टनच विचारतो. तुम्ही जाल तेव्हा मोजपट्टी बरोबर न्या. बेडची उंची, पोटाखालची मोकळी जागा आणि रॅम्पचा उतार स्वतः मोजा, मगच भावाचे बोला.