स्नोई, माझ्या मनगटावर!

सोफ्यावर केस, काळ्या ट्राउझरवर केस, अगदी डब्यातल्या पोळीवरही केस! घरात कुत्रा असेल तर हे तुम्हाला नवीन नाही. आमच्या पॉमेरियन स्नोईला विंचरून निघालेले केस आई पिशवीत भरून ठेवायची. मी हसायचे. गेल्या वर्षी स्नोई गेली आणि ती पिशवी लाखमोलाची झाली.

कारण कुत्र्याच्या केसांची चक्क लोकर होते! तिचं नाव ‘शिएंगोरा’. फ्रेंच ‘शिएँ’ म्हणजे कुत्रा, अधिक अंगोरा. हे फॅड आजचं नाही बरं का. उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचे कोस्ट सेलिश लोक खास लोकरीसाठी कुत्रे पाळायचे, त्यांच्या केसांची ब्लँकेट्स विणायचे. त्यातल्याच १८५९ मध्ये मेलेल्या ‘मटन’चं कातडं स्मिथसोनियन म्युझियमने जपलंय.

फंडा सोपा आहे. वरचे राठ केस नकोत, आतली मऊ लव घ्यायची. ऊब भरपूर, पण लवचिकपणा कमी, म्हणून थोडी मेंढीची लोकर मिसळायची. मग पिंजून, कातून, स्वच्छ धुवायचं.

आजीची टकळी माळ्यावरून काढली. चारदा सूत तुटलं. पाचव्यांदा जमलं. मफलरचं स्वप्न होतं, विणून झाली वीतभर पट्टी! ती आता मनगटावर असते. कुणी विचारलं, तर सांगते, ‘‘ही आमची स्नोई.’’