लशीचा उतारा आणि सरहद्दींचे भांडण

एप्रिल २०२१ मध्ये मुंबई-पुण्यातील अनेक लसीकरण केंद्रांवर ‘लस शिल्लक नाही’ असे फलक लागले होते. डोसच्या संख्येत जगातील सर्वांत मोठी लस उत्पादक कंपनी पुण्यात, आणि पुणेकर मात्र पहाटेपासून रांगेत! हे कसे, असा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला. त्याचे निम्मे उत्तर आपल्याकडच्या दुसऱ्या लाटेत होते. उरलेले निम्मे समजून घ्यायचे तर त्याआधीच्या तीन महिन्यांत युरोपात पेटलेल्या भांडणाकडे पाहावे लागते.

ब्रिटनने २ डिसेंबर २०२० रोजी फायझर-बायोएनटेकच्या लशीला परवानगी दिली आणि ८ डिसेंबरला लसीकरण सुरू केले. युरोपीय संघाचे लसीकरण २७ डिसेंबरला सुरू झाले. त्याच महिन्याअखेरीस ब्रेक्झिटचा संक्रमणकाळ संपत होता. त्यामुळे लंडन पुढे आणि ब्रुसेल्स मागे, या बातमीला आरोग्यापेक्षा राजकारणाचा रंग अधिक चढला.

ठिणगी पडली २२ जानेवारी २०२१ रोजी. पहिल्या तिमाहीत सुमारे आठ कोटी डोस देणे अपेक्षित असलेल्या ॲस्ट्राझेनेकाने आपण त्याच्या निम्मेही देऊ शकणार नाही, असे युरोपीय संघाला कळवले. ब्रिटनचा पुरवठा मात्र चालूच होता. ब्रिटनने आमच्याशी तीन महिने आधी करार केला आणि संघाच्या करारात ‘शक्य ते सर्व वाजवी प्रयत्न’ करण्याचेच बंधन आहे, अशी बाजू कंपनीचे प्रमुख पास्कल सोरिओ यांनी मांडली. जो आधी येईल त्याला आधी, हा हिशेब खाटकाच्या दुकानात चालेल, करारात नाही, असे प्रत्युत्तर संघाच्या आरोग्य आयुक्त स्टेला किरियाकिडिस यांनी दिले.

या वादात जीवशास्त्राकडे फारसे कुणी पाहिले नाही. ऑक्सफर्ड-ॲस्ट्राझेनेकाची लस रसायने मिसळून तयार होत नाही, ती वाढवावी लागते. मोठ्या बायोरिॲक्टरमध्ये मानवी मूत्रपिंडापासून विकसित केलेल्या पेशी वाढवतात. लशीसाठी बदल केलेला, शरीरात वाढू न शकणारा विषाणू त्या पेशींमध्ये सोडतात. तो तिथे पुरेसा वाढला की पेशी फोडून विषाणू वेगळा काढायचा, शुद्ध करायचा, कुप्यांत भरायचा आणि प्रत्येक टप्प्यावर तपासायचा. यात काही महिने जातात.

साखर कारखानदारीत जसा ‘उतारा’ महत्त्वाचा, तसाच इथेही. एकाच कृतीने काम करूनही एका कारखान्यात एका घाण्यातून भरपूर लस निघते, तर दुसऱ्यात कमी. सर्वांत चांगल्या कारखान्याचा उतारा सर्वांत वाईट कारखान्याच्या तिप्पट आहे, असे सोरिओ यांनीच सांगितले होते. बेल्जियममधील कारखान्यात तो घसरला आणि संघाचे वेळापत्रक कोलमडले. अशाच अडचणी ब्रिटनमध्येही आल्या होत्या. पण तिथे काम लवकर सुरू झाल्याने त्या सोडवायला अवधी मिळाला. पेशींच्या वाढीला ना मंत्र्यांच्या इशाऱ्याने वेग येतो, ना न्यायालयाच्या नोटिशीने.

तरीही इशारे दिले गेले. २९ जानेवारीला संघाने लशीच्या निर्यातीला पूर्वपरवानगी सक्तीची केली. त्याच ओघात उत्तर आयर्लंडच्या सीमेवर नियंत्रण आणणारे आणीबाणीचे कलमही पुढे केले. ज्या सीमेवर नाके नकोत म्हणून ब्रेक्झिटची चर्चा वर्षानुवर्षे रखडली, तिथेच हे घडत होते. डब्लिन आणि लंडन दोघेही संतापले, आणि काही तासांतच संघाने तो निर्णय मागे घेतला. ४ मार्चला इटलीने ऑस्ट्रेलियाला जाणारे अडीच लाख डोस अडवले.

ज्या लशीसाठी ही ओढाताण चालली होती, ती वृद्धांवर जवळपास निष्प्रभ असल्याचे विधान फ्रान्सचे अध्यक्ष इमॅन्युएल मॅक्रॉन यांनी त्याच २९ जानेवारीला केले. ते पुढे चुकीचे ठरले. पण लोकांच्या मनात शंकेचे बीज पडायचे ते पडले.

खरे तर कुणालाच नळ बंद करणे परवडणारे नव्हते. ब्रिटनला फायझरची लस बेल्जियममधून मिळत होती. त्या लशीतला मेद पुरवणारा एक कारखाना इंग्लंडमधील यॉर्कशायरमध्ये होता. ॲस्ट्राझेनेकाची लस कुप्यांत भरण्याचे काम वेल्समधील रेक्सहॅम येथे मुंबईच्या वोक्हार्ट कंपनीच्या कारखान्यात चालले होते. ‘आमची लस’ म्हणावी अशी लस कोणत्याच देशाकडे नव्हती.

आणि इथेच पुणे येते. ब्रिटनने सीरम इन्स्टिट्यूटकडून एक कोटी डोस मागवले होते. त्यातले सुमारे ५० लाख मार्चच्या सुरुवातीला पोहोचले आणि उरलेले लांबणीवर पडले. भारतात रुग्णसंख्या चढत होती. मार्चअखेरीपासून भारताची निर्यात जवळपास थांबली. तोवर ‘लसमैत्री’सह विविध मार्गांनी सुमारे साडेसहा कोटी डोस परदेशी गेले होते. १६ एप्रिलला सीरमचे अदर पूनावाला यांनी थेट अमेरिकेच्या अध्यक्षांना ट्वीट करून कच्च्या मालाची निर्यात मोकळी करण्याची विनंती केली. गाळण्या, एकदाच वापरायच्या पिशव्या, पेशींसाठीचे पोषक द्रव यांवाचून बायोरिॲक्टर असून उपयोग नसतो.

आपल्याकडची लाट पाहता निर्यात थांबवणे समजण्यासारखे होते. पण गरीब देशांना लस देणारी ‘कोव्हॅक्स’ योजना मुख्यतः सीरमवर अवलंबून होती. तिला भारतातून पुन्हा लस मिळू लागली ती नोव्हेंबर २०२१ मध्ये. मधल्या काळात आफ्रिकेतील अनेक देशांत पहिला डोस घेतलेले आरोग्य कर्मचारी दुसऱ्याची वाट पाहत राहिले. ब्रुसेल्स आणि लंडनमधील भांडण काही आठवड्यांच्या उशिरावरून होते; त्यांच्या वाट्याला महिने आले.

वेग वाढवायचा एक मार्ग भांडणाशिवायही सापडला होता. ब्रिटनने डिसेंबरअखेर दोन डोसमधील अंतर १२ आठवड्यांपर्यंत वाढवले आणि हाताशी असलेल्या साठ्यातून अधिक लोकांना पहिला डोस दिला. त्या वेळी अनेक शास्त्रज्ञांनी त्यावर टीका केली. ॲस्ट्राझेनेकाच्या लशीबाबत मात्र जास्त अंतर फायद्याचेच दिसले. मार्चअखेर तिथल्या निम्म्याहून अधिक प्रौढांना पहिला डोस मिळाला होता. भारतानेही मे महिन्यात कोविशील्डचे अंतर १२ ते १६ आठवडे केले.

युरोपीय संघ आणि ॲस्ट्राझेनेका यांचा वाद न्यायालयात गेला आणि सप्टेंबर २०२१ मध्ये तडजोडीने मिटला. तोवर युरोपात लस मुबलक झाली होती. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांनी महासाथ करार स्वीकारला. साथीच्या काळात सहभागी कंपन्यांनी उत्पादनाचा पाचवा हिस्सा संघटनेसाठी राखण्याचे उद्दिष्ट ठेवावे, त्यातला किमान निम्मा मोफत द्यावा, अशी त्यात कल्पना आहे. मात्र तिचे तपशील ठरवणारे परिशिष्ट तेव्हा पुढच्या वाटाघाटींवर सोडले गेले.

२०२१ ने शिकवले ते एवढेच, की साथ आल्यावर लशीची वाटणी ठरवायला बसले तर ज्याच्या अंगणात कारखाना, तो आधी आपले घर पाहतो. युरोपने ते केले आणि वेळ आली तेव्हा आपणही केले. वाटणीचे नियम आणि पर्यायी कारखाने या दोन्ही गोष्टी साथ नसतानाच उभ्या कराव्या लागतील. आफ्रिकेत, लॅटिन अमेरिकेत आणखी कारखाने असते, तर पुण्यातल्या एका फाटकाकडे इतक्या देशांचे डोळे लागले नसते.