केडन्स सेन्सर बंद पडला? नवा मागवण्याआधी घरीच करा ही तपासणी

डिसेंबरमधली पहाट. निफाडकडून नाशिकच्या दिशेने सायकल काढली. पंधरा मिनिटं झाली तरी हँडलवरच्या कॉम्प्युटरवर केडन्सच्या जागी नुसत्या दोन रेघा. पेडल तर मारतोच आहोत, मग आकडा का येत नाही? सेन्सर गेला असं धरून घरी आल्यावर नवा मागवायला मोबाईल हातात घेतला. अंगणात उन्हात उभ्या असलेल्या सायकलचं पेडल सहज फिरवलं, तर आकडा हजर! बिघाड सेन्सरमध्ये नव्हताच. आतला बटण सेल उतरत आला होता आणि थंडीत त्याने मान टाकली होती. सेल बदलला आणि काम झालं.

नाशिक जिल्ह्याला सायकलचं वेड नवं नाही. २०१५ मध्ये डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या भावांनी अमेरिकेतली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघात पूर्ण केली. आता सिन्नर, दिंडोरी, निफाड, इगतपुरीकडची मुलंही ब्रेव्हेची तयारी करतात, ऑनलाइन सेन्सर मागवतात. अडचण पुढे येते. तालुक्याच्या गावी या वस्तूंचं सर्व्हिस सेंटर नसतं. आपला सायकल मिस्त्री चेन, हब, ब्रेक डोळे झाकून बसवेल, पण सेन्सर दाखवला की म्हणतो, “हे कंपनीला पाठवा.” म्हणून ही तपासणी स्वतःला आलेली बरी. बहुतेक वेळा बिघाड सेल, जोडणी किंवा बसवण्यातच सापडतो.

केडन्स म्हणजे काय आणि तो कशाला बघायचा?

मिनिटाला पेडल किती वेळा पूर्ण फिरलं, तो आकडा म्हणजे केडन्स. सपाट रस्त्यावर सराव असलेले बरेच जण ८० ते ९० च्या आसपास ठेवतात. नांदुरीहून सप्तशृंगगडाचा घाट चढताना तो ६०-७० वर येतो. जड गिअरवर, कमी केडन्सने तासन्‌तास रेटत राहिलं की गुडघ्यावर ताण वाढतो. नवख्या माणसाला हे लवकर कळत नाही, दुखायला लागल्यावर कळतं. गिअर कधी हलका करायचा, याची आठवण हा आकडा देतो. म्हणून तो बरोबर असला पाहिजे.

आधी स्क्रीन नीट वाचा

घाईने सेन्सर उघडू नका. पेडल फिरवत स्क्रीनवर काय दिसतंय ते बघा. बहुतेक कॉम्प्युटरवर चारपैकी एक प्रकार दिसतो:

- नुसत्या रेघा (--) : सेन्सरचा सिग्नल पोचतच नाही. सेल किंवा जोडणी तपासा.
- शून्य (०) : सिग्नल येतोय, पण फेरे मोजले जात नाहीत. सेन्सर कसा बसवलाय ते तपासा.
- आकडा मध्येच गायब होतो : उतरलेला सेल, सैल बसवणी किंवा सिग्नलला अडथळा.
- आकडा दिसतो, पण पटत नाही : मोजणीतली चूक, किंवा तो सेन्सर दुसऱ्याचाच!

रेघा आणि शून्य यांतला फरक लक्षात ठेवा. अर्धी शोधाशोध तिथेच वाचते.

पहिला संशय सेलवर

बहुतेक सेन्सरमध्ये सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा बटण सेल असतो. सेन्सर नवा असेल तर सेलखालची प्लास्टिकची पट्टी काढली का, हे आधी बघा. ती राहिली म्हणून ‘सेन्सर खराब निघाला’ म्हणणारे कमी नाहीत.

सेल घड्याळाच्या दुकानात मिळतो, पण नंबर बघून घ्या. दुकानदार कधी कधी “तोच आहे, चालेल” म्हणत सीआर २०२५ देतो. दोन्हींचा व्यास २० मिलिमीटरच, व्होल्टही ३ च. जाडी मात्र वेगळी. २०३२ हा ३.२ मिलिमीटर जाड, तर २०२५ हा २.५. पातळ सेल झाकणाखाली सैल बसतो. घरात उभ्या सायकलवर चालतो, खड्ड्यातून गेलं की बंद. चिमूटभर फरक, पण डोक्याला ताप मोठा.

सेल बसवताना अधिकची बाजू कुठे आहे ते झाकणावर किंवा आत कोरलेलं असतं, ते पाहूनच बसवा. सेलवर किमतीचं स्टिकर चिकटलेलं असेल तर काढा. कोरड्या फडक्याने सेल आणि आतल्या पत्र्याच्या पट्ट्या पुसा. पट्टी दबली असेल तर हलकेच वर उचला. मुलांनी तोंडात घालू नये म्हणून काही कंपन्या सेलवर कडू थर देतात. त्या थरामुळेही काही उपकरणांत नीट संपर्क होत नाही. तसं वाटलं तर दुसऱ्या कंपनीचा सेल लावून बघा.

मल्टिमीटर असेल तर नवा सेल ३ व्होल्ट किंवा थोडा जास्तच दाखवतो. २.८ च्या खाली आलेला सेल बदलून टाका. घरात चालतो आणि थंडीत पहाटे दगा देतो, असा सेल उतरलेला आहे असंच समजा.

सेल बदलला आणि केडन्सच गेला?

इथे बरेच जण फसतात. बाजारातले काही स्वस्त सेन्सर दुहेरी कामाचे असतात. तोच नग चाकाच्या हबवर लावला तर वेग मोजतो, क्रँकवर लावला तर केडन्स. काम बदलायचं असेल तर सेल काढून परत घालायचा. म्हणजे तुम्ही नुसता सेल बदलला तरी तुमचा केडन्स सेन्सर वेगाचा सेन्सर होऊन बसतो! सेल घातल्यावर छोटा दिवा लागतो आणि त्याचा रंग कामाप्रमाणे बदलतो. कोणता रंग कशाचा, ते सोबतच्या कागदावर असतं. रंग चुकीचा आला तर सेल काढा, थोडं थांबा, पुन्हा घाला. एकाच कामाचा सेन्सर अडकल्यासारखा वाटला तरी हाच उपाय करा. सेल काढून अर्धा मिनिट थांबा आणि मग घाला.

सेन्सर दुसऱ्याशीच तर जोडला नाही?

सेन्सर झोपलेला असतो. क्रँक फिरवला की जागा होतो. म्हणून शोध चालू करण्याआधी पेडल चार-पाच वेळा फिरवा, मगच कॉम्प्युटरवर ‘सेन्सर जोडा’ दाबा.

हे सेन्सर दोन भाषा बोलतात: ब्लूटूथ आणि अँट प्लस. अँट प्लसवर सेन्सर आकाशवाणीसारखा बोलतो, कितीही यंत्रांनी ऐकावं. ब्लूटूथचं फोनसारखं आहे. बरेच सेन्सर एका वेळी एकाच यंत्राशी बोलतात. खिशातल्या मोबाईलमधल्या ॲपने आधीच सेन्सर पकडून ठेवला असेल, तर हँडलवरचा कॉम्प्युटर शोधत बसतो आणि त्याला काही सापडत नाही. मोबाईलचं ब्लूटूथ बंद करून बघा. लगेच सापडला तर चोर खिशातच होता.

मोबाईलवरच केडन्स बघायचा असेल तर फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमधून सेन्सर जोडू नका, सायकलिंगच्या ॲपमधूनच जोडा. जुन्या अँड्रॉइड फोनमध्ये ॲपला लोकेशनची परवानगी दिल्याशिवाय सेन्सर दिसतच नाही.

जोडणी नेहमी घरी, एकट्याने करा. रविवारच्या राईडला दहा सायकली एकत्र उभ्या असताना शोध लावला, तर शेजाऱ्याचा सेन्सर जोडला जाऊ शकतो. मग आपण चहाच्या टपरीवर उभे आणि स्क्रीनवर केडन्स ८५! सेन्सरवर छापलेला नंबर लिहून ठेवा आणि यादीतला तोच निवडा. जोडणी बिघडली असेल तर जुनी नोंद पुसून पहिल्यापासून जोडा.

बसवण्यात चूक कुठे होते?

जुन्या पद्धतीत क्रँकवर चुंबक आणि फ्रेमवर सेन्सर असतो. चुंबक समोरून गेला की एक फेरा मोजला जातो. दोघांमधलं अंतर काही मिलिमीटरच हवं आणि चुंबक सेन्सरवरच्या खुणेसमोरून जायला हवा. सायकल भिंतीला टेकवताना किंवा टेम्पोत टाकताना सेन्सर जरासा सरकतो, आणि स्क्रीनवर शून्य येतं.

नव्या पद्धतीत चुंबक नसतो. सेन्सर स्वतःच फिरणं ओळखतो. तो साधारणपणे डाव्या क्रँकच्या आतल्या बाजूला, रबरी पट्ट्याने घट्ट बांधतात. बांधल्यावर क्रँक हाताने एक पूर्ण फेरा सावकाश फिरवा. फ्रेमला घासतोय का बघा. रबर उन्हाने तडकतं आणि कच्च्या रस्त्यावर सेन्सर हलायला लागतो. पट्टा बदलणं स्वस्त, रस्त्यात पडलेला सेन्सर शोधणं महाग.

इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात फिरणाऱ्यांनी झाकणाच्या आतली बारीक रबरी चकती तपासावी. ती वाकडी बसली की पाणी आत शिरतं. पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर दिसला तर ओल पोचली म्हणायची. सेल काढा, कोरडं करा, थर हलक्या हाताने खरवडा. सायकल धुताना सेन्सरवर प्रेशरचा पाईप मारू नका.

आकडा खरा की खोटा? स्वतः मोजा

सपाट रस्त्यावर एकसारखं पेडल मारा. उजवा गुडघा १५ सेकंदांत किती वेळा वर आला ते मोजा आणि चारने गुणा. २० वेळा आला तर केडन्स ८०. स्क्रीनवर साधारण तेवढाच आकडा असेल तर सेन्सर ठीक आहे. राईडची सरासरी मात्र कमी दिसू शकते, कारण उतारावर पेडल थांबतं ते शून्यही काही कॉम्प्युटर सरासरीत धरतात. सेटिंगमध्ये ‘शून्य धरू नये’ असा पर्याय असतो.

मोबाईल पाठीमागच्या खिशात असेल आणि आकडा अधूनमधून जात असेल, तर आड येणारं आपलंच शरीर असतं. हा सिग्नल अंगातून नीट पार होत नाही. फोन हँडलवर लावून बघा.

एक गोष्ट कधीही विसरू नका

काढलेला बटण सेल ओट्यावर, खिडकीत ठेवू नका. लहान मुलाने गिळला तर तो अन्ननलिकेत अडकून दोन तासांतच आत गंभीर जखम करू शकतो. जुना सेलही घातकच. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा आणि ई-कचऱ्यात द्या. गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवायची नाही, वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं.

आणि राईडमध्येच बंद पडला तर?

तर पडू द्या. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात. त्यातली वीस मिनिटं रस्त्याच्या कडेला झाकण उघडण्यात घालवू नका. अंधारात स्क्रू आणि रबरी चकती हरवली की परत सापडत नाही. चढ आला की गिअर हलका करा, अधूनमधून गुडघा मोजा आणि पुढे चला. घरी आल्यावर सेल, जोडणी, बसवणी या क्रमाने तपासा. एवढं करूनही सेन्सर हूं की चूं करत नसेल, तर बिल शोधा, वॉरंटीची तारीख बघा आणि मगच नव्याचा विचार करा.